केळवणाच्या पानातली अंडी

वृंदाच्या पानाभोवती रांगोळी होती. रांगोळीच्या आत चांदीचं ताट, ताटात केळीचं पान, आणि पानाच्या मधोमध तीन उकडलेली अंडी.

सोललेली, गुळगुळीत. एका बाजूला काकडीचे काप, दुसऱ्या बाजूला पनीरचे सहा तुकडे. मिठाच्या जागी मीठ, लिंबाच्या जागी लिंबू. कोशिंबिरीची जागा मोकळी होती, कारण कोशिंबिरीत चिमूटभर साखर घालतात. बाकीच्या पानांत पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई आणि भजी. समईच्या उजेडात पोळीवरचं तूप चमकत होतं. घरभर वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास होता आणि त्या वासातून मधूनच अंड्याचा एक भपकारा यायचा.

"आमच्या घरात शुभकार्याच्या पंगतीत अंडं कधी आलं नव्हतं," सुयशच्या आत्या कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या. "मागच्या अंगणात वेगळी शेगडी पेटवून उकडली. पण काय करणार, पोरीचं डाएट!"

मग त्यांनी तुपाचं भांडं उचललं. त्यांच्यात नवऱ्यामुलीच्या पानावर पहिलं तूप वाढल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. तूप भातावर वाढायचं असतं. भात नव्हता. आत्याबाई पळी हातात धरून क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी ती धार अंड्यांवर सोडली. तूप अंड्यावर ठरत नाही. ते घरंगळलं, काकडीखाली गेलं आणि तिथे हळूहळू थिजायला लागलं.

"तूप चालतंय न्हवं मामा?" त्यांनी मला विचारलं.

"तूप उत्तम," मी म्हणालो.

वृंदा माझी भाची. समोर बसली होती. तिने एक अंडं उचललं, तुपातून बाहेर काढलं, आणि नमस्कार करून खाल्लं.

माझ्याही पानात तेच होतं. माझ्याभोवती रांगोळी नव्हती, एवढाच फरक.

मला तुपाचं विचारायचं कारण असं, की त्या काळात सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच घरांत काय खावं हे मला विचारूनच ठरायचं. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होतो. एकवीस वर्षं दुधातलं फॅट मोजत होतो. मग एका वर्षी स्वतःचं मोजलं. चौऱ्याण्णव किलो. भात बंद, पोळी बंद, साखर बंद, बटाटा बंद. सकाळी लोणी घातलेली कॉफी, दुपारी पनीर, संध्याकाळी फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचं आणि रात्री अंडी. सात महिन्यांत मी एकाहत्तरवर आलो. तोंडाला सडक्या फळासारखा वास यायचा, पण तो मला येत नव्हता, घरच्यांना यायचा. बायको झोपताना भिंतीकडे तोंड करायची. मी तिला म्हणायचो, चरबी जळतेय. ती म्हणायची, जळू दे, पण तिकडे.

बारीक झालेला माणूस गप्प बसत नाही. मी दर रविवारी संघाच्या हॉलमध्ये लोक जमवायला लागलो. शंभर-दीडशे यायचे. मी जुनी पँट घेऊन उभा राहायचो आणि तिच्या एका पायात दोन्ही पाय घालून दाखवायचो. टाळ्या पडायच्या. गहू हे विष आहे असं मी म्हणायचो तेव्हा पुढच्या रांगेतले शेतकरी मान डोलवायचे. त्यांचा गहू त्याच आठवड्यात बाजारात जायचा होता.

माझ्या रविवारच्या लोकांत वृंदा सगळ्यात यशस्वी. फार्मसी कॉलेजात नोकरी, अठ्ठावीस वय आणि अठ्ठ्याहत्तर किलो. वडील नाहीत. दोन स्थळांनी नकार दिला होता. एकाने निदान पत्रिकेचं कारण सांगितलं. दुसऱ्याने चहा पिऊन, पोहे संपवून, हात धुताना माझ्या बहिणीला विचारलं होतं, "थायरॉइड वगैरे काही आहे का?" त्यानंतर ताईने तिला माझ्या हवाली केलं. दहा महिन्यांत ती एकसष्टवर आली. सहा आठवड्यांत कराडचं स्थळ ठरलं. मुलगा इंजिनिअर, घर मोठं, मागणी काही नाही. साखरपुडा झाला. आणि लग्न चार महिन्यांवर होतं.

या चार महिन्यांत आपल्याकडे नवऱ्यामुलीला सगळे नातेवाईक घरी बोलावून जेवू घालतात. ही चाल ज्याने काढली त्याने वजनाचा विचार केला नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी, ताई आणि वृंदा गाडीने कराडला निघालो. सुयशच्या आत्याकडे दोघांचं मिळून केळवण होतं. इस्लामपूरच्या चौकात ताई गजरे घ्यायला उतरली आणि काच वर होताहोता वृंदा म्हणाली,

"मामा, ब्लाऊज बसणार नाहीये."

"कुठलं?"

"शालूवरचं. त्यांच्या शिंप्याने साखरपुड्याच्या मापावर शिवलंय. आज घालून बघायचंय म्हणून सुयशच्या आईंचा सकाळीच फोन आला."

"किती आहे आता?"

"सहासष्टच्या वर."

मी शिट्टी वाजवली. नको होती वाजवायला.

"मी काही हादडत नाहीये रे. मावशीकडे एक गुलाबजाम खाल्ला. एक. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर."

"ते पाणी असतं."

"मला माहितीये ते पाणी असतं. त्यांना कोण सांगणार?" ती ओढणीच्या टोकाशी चाळा करावा तसा पदराशी करत होती. "केस धुतले की हातात पुंजका येतो. पाळी दोन महिने नाही. अंड्याचा वास आता सहन होत नाही. मला पोळी खायचीये मामा. दोन पोळ्या, भाजी, वरणभात. सणाला नाही, रोज. मी वर्षभर केलं सगळं. तू सांगितलंस तसं केलं. आता नाही होत."

"अगं, तीन आठवडे तर राहिलेत."

"तीन आठवडे नाहीत. तेच तर म्हणतेय. त्यांना वाटतंय मी अशीच आहे. लग्नानंतर रोज हेच. तू आज त्यांना सांग. तुझं ऐकतात ते. म्हणावं, हिचं वजन इथेच राहणार, याच्या खाली येणार नाही, आणि ते ठीक आहे. एवढंच. मी सांगितलं तर कारणं दिल्यासारखं होतं."

"सांगतो की."

"नक्की?"

"म्हणजे काय! मी असताना तुला कोण बोलतंय?"

ताई गजरे घेऊन आली. वृंदाने ओंजळीत गजरा घेतला, हुंगला आणि ती पहिल्यांदाच हसली. कराड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

जेवणं झाली. सुयशने चार पोळ्या खाल्ल्या. प्रत्येक पोळीनंतर तो वृंदाकडे बघून "सॉरी हं" म्हणत होता. मुलगा वाईट नव्हता. त्या घरातला होता, एवढंच.

मी तीन अंडी आणि पनीर संपवलं आणि वर दोन मोठे पेले ताक प्यायलो. पुरणाचं पातेलं माझ्यापासून दोन हातांवर होतं.

विडे आले आणि सुयशची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई शैलजाताई, वृंदाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्या शांत बाई. आवाज कधी चढत नाही. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आम्ही बाहेरच्या खोलीत, पंगत उठली त्याच जागी, सुपारी कातरत बसलो. दार अर्धवट उघडं होतं.

"श्वास आत घे," आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "अजून घे."

दार उघडलं. वृंदा पुन्हा स्वतःच्या पैठणीत बाहेर आली. शैलजाताईंच्या हातात ब्लाऊज होतं. मोरपंखी, जरीच्या काठाचं. त्यांनी ते माझ्यासमोर पाटावर पसरलं, डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवतात तसं.

"वरचे दोन आणि खालचा एक हुक लागतो," त्या म्हणाल्या. "मधले तीन नाही लागत."

ताईचा चेहरा उतरला. "अगंबाई."

"त्यात काय एवढं," आत्याबाई म्हणाल्या. त्या अजून ओचा खोचून भांडी आवरत होत्या. "शिंप्यानं आत दोन-दोन बोटं कापड सोडलेलं असतंय. बाजूची शिवण उसवायची, एक टीप मारायची, झालं. माझ्या लग्नात तर मांडवात उसवलंवतं."

"उसवायचं कशाला वन्सं?" शैलजाताई शांतपणे म्हणाल्या. "ब्लाऊज मापावर शिवलंय. ब्लाऊज बरोबर आहे."

सुयश म्हणाला, "आई, जाऊ दे ना." आई त्याच्याकडे बघून हसली आणि त्याने मोबाइल काढला.

"गैरसमज नको हं मामा," त्या माझ्याकडे वळल्या. "आम्हाला मुलगी पसंत आहे. सोन्यासारखी आहे. पण तो फोटो बघितला ना, की धडकी भरते हो. पुन्हा तसं झालं तर? आमच्याकडे घराण्यात शुगर आहे. मी काळजीपोटी म्हणते."

त्यांनी मोबाइलवर फोटो उघडून ताईला दाखवला. आदल्या वर्षीच्या संक्रांतीचा. काळी साडी, हातात तिळगुळाची वाटी, अठ्ठ्याहत्तर किलो वृंदा. खळखळून हसत होती. त्या वर्षानंतरचा तिचा तसा हसतानाचा फोटो मी पाहिलेला नाही.

"हा तुमच्याकडे कुठून आला?" ताईने विचारलं.

वृंदाने विचारलं नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मीच पाठवला होता. बघण्याच्या कार्यक्रमानंतर त्याच संध्याकाळी, शेजारी आताचा फोटो जोडून, खाली लिहून: 'दहा महिन्यांची तपश्चर्या!' पुढे टाळ्यांची तीन चित्रं. कुणी मागितला नव्हता. त्यांना वृंदा बारीकच माहीत होती. जन्मापासून अशीच असेल असं समजून त्या सुखात होत्या. पण मग माझं श्रेय त्यांना कसं कळलं असतं? पानातली अंडीही माझ्याच यादीतली. 'वृंदाला काय चालतं, काय चालत नाही', दोन पानी, मी त्यांना साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवली होती. कोशिंबिरीतली साखर मी जाड अक्षरात लिहिली होती.

"आता तुम्हीच सांगा मामा," शैलजाताई म्हणाल्या. "तुम्ही यातले जाणकार. हे असं कसं झालं? आणि काय करायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वृंदाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि शेजारच्याला उत्तर पाठ आहे हे आपल्याला माहीत असावं, तशी ती बघत होती.

"तसं बघितलं तर," मी सुरुवात केली, "वजनाचं असं असतं की..."

"तुमचंच उदाहरण घ्या ना," शैलजाताई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. एकाहत्तर! एक ग्रॅम हललं नाही म्हणता. मी तर आमच्या शाळेत सगळ्यांना सांगते. मग हिचं चार महिन्यांत कसं हललं?"

माझं वाक्य तयार होतं. ते असं होतं: बारीक झालेल्या माणसांपैकी बहुतेकांचं वजन परत येतं, अंग ते परत मागतं, त्यात त्या माणसाचा काही गुन्हा नसतो. हे खरं वाक्य होतं. आणि हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी ब्याऐंशी किलो होतो.

आठ महिन्यांपूर्वीपासून चढत होतं. प्रयोगशाळेच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांमागे मी भडंगाचा डबा ठेवला होता. दुपारी सगळे जेवायला गेले की दार लावून, उभ्या उभ्या, मुठीने खायचो. घरी जाताना बडीशेप. शर्ट पँटीबाहेर सोडायला लागलो होतो, वर जॅकेट, ऐन एप्रिलमध्ये. रविवारी हॉलमध्ये जुन्या पँटीत दोन्ही पाय घालणं बंद केलं होतं. ती पँट आता नुसतीच हातात धरून दाखवायचो. बायकोला माहीत होतं. ती एकदाच म्हणाली होती, "डब्याला घट्ट झाकण लावा, मुंग्या येतील."

वृंदासाठी ते वाक्य म्हणायचं तर आधी जॅकेट काढावं लागलं असतं.

"शिस्त लागते," मी म्हणालो.

वृंदाच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. फार नाही. पाहुणे गेल्यावर अंगणातला दिवा मालवतात तेवढंच.

"तेच मी म्हणते," शैलजाताई म्हणाल्या. "सुयश, आपण बरोबर आणलेला तो काटा आण रे. मामांनी सांगितला होता तोच घेतलाय. गंमत म्हणून बघू. घरचेच आहोत सगळे."

काचेचा काटा फरशीवर ठेवला गेला. कुणीतरी रांगोळीचा कोपरा पायाने पुसला, तो सपाट बसावा म्हणून. वृंदा उठली, निऱ्या उचलल्या आणि काट्यावर उभी राहिली. हातात सोन्याच्या पाटल्या, गळ्यात साखरपुड्याचा हार, केसांत इस्लामपूरचा गजरा.

"तुम्हीच वाचा मामा," शैलजाताई म्हणाल्या. "तुमचं कामच आहे ते."

मी चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून वाकलो.

"सहासष्ट पूर्णांक आठ," मी वाचलं.

पूर्णांक आठसुद्धा सोडलं नाही. सहासष्ट म्हणालो असतो तरी कुणाला कळलं नसतं. पण एकवीस वर्षांची सवय.

"म्हणजे पाच पूर्णांक आठ," शैलजाताईंनी वजाबाकी केली. आत्याबाई "मेलं ते यंत्र" असं काहीतरी पुटपुटत आत निघून गेल्या. ताई खाली बघत होती. वृंदा काट्यावरून उतरली. निऱ्या नीट केल्या. मग तिने माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, म्हटलं,

"आता मामा."

"हो, हो!" सुयशला आनंद झाला. वातावरण हलकं करायची त्याला घाई होती. "मामा, चढा! एकाहत्तर बघू द्या आम्हाला. मी फोटो काढतो."

"छे, छे," मी म्हणालो.

"असं काय करता! शाळेत दाखवते ना मी," शैलजाताई.

"तसं नाही हो. वजन घ्यायचं एक शास्त्र असतं." आवाज माझा मलाच रविवारचा वाटला, भरदार. "जेवल्यावर कधी घ्यायचं नाही. आत्ता पोटात किती अन्न आहे, ताक आहे! एक-दीड किलो तर तेच. वजन घ्यायचं सकाळी, उपाशीपोटी, सगळं उरकून आल्यावर. अंगावर कमीत कमी कपडे. आता ही पँट, हे जॅकेट, पट्टा, किल्ल्या, मोबाइल. झाला की नाही अजून दीड किलो? त्यातून फरशी जरा जरी उतरती असली तर काटा चुकतो. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात ना, त्यांना पहिला धडा हाच. कॅन नीट ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. नाहीतर वरची साय येते. मग यंत्र बरोबर असतं, आकडा बरोबर असतो, आणि तरीही तो त्या दुधाचा आकडा नसतो. असा आकडा मोठ्याने वाचणं हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे."

"बघा," शैलजाताई सुयशला म्हणाल्या. "याला म्हणतात अभ्यास."

बोलताबोलता फरशीच्या मुद्द्यापर्यंत आलो तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण सुरू झालेलं भाषण मधेच थांबवता येत नाही. वृंदा समोर उभी होती, जड पैठणीत, पाटल्या, हार, पोटात तीन अंडी आणि अर्धं भांडं पाणी, आणि ती प्रत्येक शब्द ऐकत होती. एकदाही तिने नजर काढली नाही. खोलीतल्या बाकीच्यांपैकी एकालाही काही वाटलं नाही.

मग मी तीन आठवड्यांचा आराखडा दिला. पाच पूर्णांक आठ. सकाळचं जेवण बंद. पनीर अर्धं. पाणी जास्त, मीठ जास्त. आठवड्यातून दोन दिवस फक्त ताक. शैलजाताईंनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, मी एके ठिकाणी दुरुस्ती केली. निघताना त्यांनी वृंदाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. तांदूळ तिच्या पदरात घालताना त्या हसून म्हणाल्या, "हे घरी आईला दे हं."

परतीच्या रस्त्यावर ताई मागच्या सीटवर झोपली. तिला बरं वाटलं होतं. मोडलं नव्हतं, हे तिला पुरेसं होतं. बाहेर ऊन उतरलं होतं, उसाच्या गाड्या येत-जात होत्या. पेठ नाक्याच्या पुढे वृंदा म्हणाली,

"मामा, पैठणीचं वजन किती असतं रे?"

"असेल की. सातआठशे ग्रॅम. जुनी असली तर किलोसुद्धा."

"आणि दागिन्यांचं?"

"पाटल्या, हार धरून... शंभर-दीडशे."

"आणि जेवणाचं, पाण्याचं?"

पुढे ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडण्यात मी गुंतलो होतो. ओलांडून झाल्यावरही गुंतून राहिलो.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"वृंदे, ऐक. त्या वेळी मी काही बोललो असतो तर उगाच वेडंवाकडं झालं असतं. ठरलेलं लग्न. ताईच्या जिवाला किती..."

"हो."

"मी सावकाश सांगणारच आहे त्यांना. लग्नानंतर. शांतपणे."

"नको सांगूस," ती म्हणाली. तिने गजरा केसांतून काढला आणि समोर काचेपाशी ठेवला. "पाच किलो उतरवते मी. तू घाबरू नकोस. कुणाला काही कळणार नाही."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला कळलं. तिला जॅकेटचं इस्लामपूरलाच कळलेलं असणार. फार्मसीवाली पोरगी, वर्षभर दर रविवारी मला समोरून बघत होती. तरीही तिने मलाच गळ घातली होती, कारण माझंही मी स्वतःहून सांगेन असं तिला वाटलं होतं.

तिने उतरवलं. पाच नाही, सात. तीन आठवड्यांत. मला ती रोज सकाळी आकडा पाठवायची, नुसता आकडा, पुढे-मागे शब्द नाही. मी अंगठा पाठवायचो.

आज या गोष्टीला आठ वर्षं झाली. वृंदा कराडलाच असते. वजन अठ्ठावन्न ते साठ. एवढ्या वर्षांत वर गेलं नाही, गरोदरपणातसुद्धा डॉक्टर ओरडले इतकं कमी वाढलं. माझ्या रविवारच्या शेकडो लोकांत ज्याचं वजन खरोखर टिकलं असं एकच माणूस मी दाखवू शकतो. मी हॉल बंद केला ती गोष्ट वेगळी. तो मी लाजेने बंद केला नाही, गुडघ्यांनी बंद केला. सणावाराला ती भेटते, वाकून नमस्कार करते, तब्येतीची चौकशी करते. तक्रारीचा एक शब्द नाही. माझ्या पानात ती स्वतः पोळी वाढते. आग्रह करते.

लग्न कृष्णेकाठच्या एका कार्यालयात झालं. ब्लाऊजचे सगळे हुक लागले. उलट बगलेत सैल पडलं म्हणून आत्याबाईंनी आतून चार पिना लावल्या, तोंडातल्या तोंडात शिव्या देत. सकाळी सीमांतपूजनाच्या वेळी शैलजाताईंनी आहेराच्या मानकऱ्यांत माझं नाव सगळ्यात आधी पुकारलं. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि माइकवरून चारशे पाहुण्यांना सांगितलं, की आमच्या सुनेला घडवलं ते या मामांनी. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. आभाराचं दोन मिनिटं बोललोही. काय बोललो ते आठवतं, पण लिहिणार नाही.

मुहूर्ताला गुरुजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. मी खोलीच्या दाराशी गेलो. वृंदा शालूत उभी होती. मुंडावळ्या, हातात हार, ओठांना लाली. मी तिचं कोपर धरलं. कोपर म्हणण्यासारखं हातात काही आलं नाही, नुसतं हाड आलं, गार आणि ओलं. आम्ही चालायला लागलो. अंतरपाट पंधरा-वीस पावलांवर होता. दोन्ही बाजूंना लोक अक्षता मुठीत धरून उभे होते. सनईची टेप मोठ्याने चालू होती.

मधेच तिचा पाय अडखळला. तिने सगळा भार माझ्या हातावर टाकला. भार असा नव्हताच.

"मामा," ती ओठ न हलवता म्हणाली, "घट्ट धर. डोळ्यांपुढे अंधार येतोय."

तिला तिथल्या तिथे खाली बसवायचं, पाणी मागायचं, साखर मागायची, एवढंच होतं. कुणीही मामा ते करू शकला असता. समोर फोटोग्राफर गुडघ्यावर बसून म्हणत होता, मामा, इकडे, इकडे बघा, जरा हसा.

"थोडंच राहिलंय," मी तिला म्हणालो, आणि इकडे बघितलं.